वापितीला कुठली गोळी?

शिकारीला गेलेला माणूस मटण घेऊन परत येईलच असं नाही, पण किस्सा घेऊन आल्याशिवाय राहत नाही. आमच्या गराजमधल्या फ्रीझरचा खालचा कप्पा मटणाचा. तो उन्हाळ्यापर्यंत रिकामा होतो. किस्स्यांचं तसं नाही. ते वाढतच जातात, आणि दर वेळी सांगताना त्यातलं हरीण आणखी थोडं मोठं होतं!

ख्राइस्टचर्चमधलं आमचं शिकारी टोळकं चार जणांचं. एक मी. पेशाने स्ट्रक्चरल इंजिनियर. भूकंपानंतर शहर पुन्हा उभं राहत होतं तेव्हा आलो आणि इथलाच झालो. दुसरी माझी बायको मधुरा, फार्मासिस्ट. तिसरा आमचा मित्र डॉक्टर मुकुंद, हॉस्पिटलात भूलतज्ज्ञ. आणि चौथा रॉस, माझ्या ऑफिसातला सर्व्हेअर, जन्माने कीवी, ज्याने आम्हा तिघांना रायफल कुठल्या बाजूने धरायची इथपासून शिकवलं. रॉस मोजकंच बोलतो. 'स्वीट ॲज' म्हणजे उत्तम. 'येह, नाह' म्हणजे गाढवपणा आहे. नुसतं 'हम्म' म्हणजे गाडीत बसा, घरी चला.

आमचं दोन वर्षांतलं निम्मं बोलणं एकाच विषयावर झालं. वापितीला कुठलं काडतूस आणि कुठली गोळी. अमेरिकेत ज्याला एल्क म्हणतात त्याला इथे वापिती म्हणतात. सांबराच्या वरताण जनावर. दक्षिणेला फिओर्डलँडच्या डोंगरांत राहतं, आणि त्याच्या शिकारीची सोडत निघते. नाव लागलं तर जायचं, नाहीतर घरी बसून काडतुसांवर भांडायचं. आम्ही बरीच वर्षं घरी बसलो होतो.

*

सुरुवात मुकुंदच्या लायसन्सपासून करतो.

इथे बंदुकीचं लायसन्स द्यायच्या आधी एक अधिकारी घरी येतो. तिजोरी बघतो आणि नवराबायकोला वेगवेगळं बसवून प्रश्न विचारतो. मुकुंदकडे एक सभ्य आजोबा आले होते. त्यांनी मुकुंदच्या बायकोला, अनघाला, विचारलं, "तुमच्या मिस्टरांना राग येतो का?"

"येतो ना," अनघा म्हणाली. "पण त्याला घरात कुठलीच वस्तू सापडत नाही. बंदूक सापडेपर्यंत राग गेलेला असेल!"

आजोबा हसले आणि म्हणाले, चला, तिजोरी दाखवा. तिजोरी उघडली तर आत अनघाच्या चार पैठण्या, चांदीची ताटं आणि गौरींचे मुखवटे. एवढं भक्कम कपाट रिकामं कशाला ठेवायचं, हा तिचा साधा हिशोब. आजोबांनी शांतपणे समजावलं की काय हवं ते ठेवा, पण एकदा रायफल आत आली की किल्ली फक्त लायसन्सवाल्याकडे राहील. बायकोलासुद्धा द्यायची नाही, कुठे ठेवलीय तेही सांगायचं नाही.

रायफल आली. आणि मग गौरी आल्या. मुखवटे तिजोरीत, किल्लीची जागा मुकुंदला ठाऊक, आणि मुकुंद ऑपरेशन थिएटरमध्ये. अनघाने तिथे फोन लावला. नर्सने आत जाऊन विचारलं, "डॉक्टर, तुमच्या मिसेस विचारतायत, किल्ली कुठे आहे?" मुकुंद मास्कमधून म्हणाला, "सांगता येणार नाही. कायदा आहे."

त्या वर्षी गौरी उंबरठ्यावर थांबल्या होत्या, लायसन्सवाल्याची वाट बघत!

*

आता एक गोष्ट हसण्याची नाही, पण ती सांगितल्याशिवाय पुढचं काही कळणार नाही.

इथल्या शरद ऋतूत, म्हणजे मार्च-एप्रिलला, लाल हरणांचे नर माजावर येऊन हंबरतात. त्याला सगळे 'रोर' म्हणतात. मागच्याच्या मागच्या रोरमध्ये मुकुंदने एका नरावर गोळी झाडली. नेम छातीवर होता, पण ट्रिगर दाबताना तो खांद्याला बसणाऱ्या धक्क्याच्या धास्तीने दचकला आणि गोळी पोटात लागली. नर पडला नाही, झाडीत शिरला. आम्ही रक्ताच्या थेंबांमागून दिवसभर फिरलो. सापडला तेव्हा तो ओढ्याच्या कडेला बसला होता आणि आमच्याकडे बघत होता. रॉसने पुढे होऊन संपवलं.

परत येताना मुकुंद गाडीत म्हणाला, "शिरीष, मी रोज एकच काम करतो रे. समोरच्याला दुखू द्यायचं नाही. तेवढंच येतं मला. आणि आज काय केलं मी?"

मला रडू येत होतं. घरी उतरताना तो म्हणाला, "पुन्हा एकदा असं झालं ना, तर रायफल विकून टाकीन. परत हात लावणार नाही." मुकुंद उगाच बोलत नाही. डोंगर, रात्रीची शेगडी, आमची चौघांची थट्टा, हे सगळं त्याला किती लागतं हे आम्हाला माहीत होतं. ते त्याच्या हातून जाणार की राहणार, हे आता एका गोळीवर आलं होतं.

आणि त्याच वर्षी सोडतीत नाव लागलं. कुणाचं? मुकुंदचं!

*

नाव लागल्यावर मुकुंदने अमेरिकेतल्या शिकाऱ्यांचे व्हिडिओ बघायचा सपाटा लावला. तिकडे एल्कच्या गोळीवरून भाऊभाऊ वेगळे राहतात म्हणे. त्यातून त्याने एकच निष्कर्ष काढला, की आपली थ्री-ओ-एट, म्हणजे हरणांना वापरतो ती नेहमीची रायफल, पोरकट आहे. मोठ्या जनावराला मोठं काडतूस! त्याने एक थ्री-हंड्रेड मॅग्नम आणली. तिचं काडतूस म्हणजे लांबलचक पितळी पुंगळी, आत मूठभर दारू. आवाज असा की नेमबाजीच्या रेंजवर शेजारची माणसं वळून बघायची.

रॉसने रायफल हातात घेतली, परत दिली आणि म्हणाला, "येह, नाह."

मुकुंदने ऐकलं नाही. पहिल्याच फैरीला रायफल मागे आली आणि स्कोपची, म्हणजे वरच्या दुर्बिणीची, कड त्याच्या दोन भुवयांच्या मध्ये बसली. रक्त पुसल्यावर दिसलं की कपाळावर अर्धगोल खूण उमटलीय. सुबक, रेखीव आणि लाल.

दुसऱ्या दिवशी तो तसाच कामावर गेला. वॉर्डात एक नवीन नर्स आली होती, साताऱ्याची. तिने त्याच्याकडे बघितलं आणि तिचा चेहरा फुलला.

"अय्या सर, चंद्रकोर! आज शिवजयंती आहे का? मला लक्षातच राहिलं नाही बघा!"

मुकुंद म्हणाला, "हो." आणि जखम भरेपर्यंत त्याने आठवडाभर शिवजयंती साजरी केली.

*

दसऱ्याला मधुराने शस्त्रपूजा काढली. पाट मांडला, रांगोळी घातली, झेंडूची फुलं बागेतलीच. रॉसला बोलावलं होतं. तो बिचारा जँडल्स, म्हणजे रबरी चपला, दाराशी काढून, हात जोडून उभा.

पण तिजोरी बघायला आलेल्या त्या आजोबांनी मुकुंदच्या मनात अशी काही भीती घातली होती की तो म्हणाला, "रायफल, बोल्ट आणि काडतुसं एका जागी नकोत. नियम म्हणजे नियम."

"अरे, पूजेपुरतं!"

"पूजेपुरतंही नाही."

म्हणून रायफल हॉलमध्ये, बोल्ट, म्हणजे ज्याच्याशिवाय ती उडत नाही तो दांडा, बेडरूममध्ये आणि काडतुसं गराजमध्ये. मुकुंद निरांजन घेऊन घरभर फिरला, आम्ही त्याच्यामागून घंटा वाजवत, आणि सगळ्यात शेवटी रॉस. गराजमध्ये आरती संपल्यावर रॉसने प्रसादाचा पेढा तोंडात टाकला आणि त्या वर्षातलं त्याचं सगळ्यात लांब वाक्य बोलला. "कायदा इतका काटेकोर पाळणारा देव मी पहिल्यांदा बघितला."

*

काडतुसाचं भांडण थोडं थंडावलं तेव्हा गोळीचं सुरू झालं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. काडतूस म्हणजे अख्खं प्रकरण, पुंगळी, दारू, वरची गोळी, सगळं धरून. गोळी म्हणजे फक्त पुढचं टोक, जे उडतं. ते शिशाचं असावं की तांब्याचं, यावर आमच्यात दोन पक्ष पडले.

मुकुंद शिशाच्या बाजूचा. आत जाऊन फुटते, जास्त नासधूस करते. मधुरा तांब्याच्या बाजूची. "तुकडे होत नाहीत, वजन टिकतं, जाड हाडातून आरपार जाते. आणि मी शिशाचं मटण मुलांना वाढणार नाही," ती म्हणाली. "फार्मासिस्ट आहे मी."

रॉस म्हणाला, भांडू नका, करून बघा. दुधाच्या प्लॅस्टिकच्या बाटल्या पाण्याने भरून एकामागे एक ठेवायच्या आणि गोळी झाडायची. कुठली किती आत जाते ते दिसतं. झालं! मुकुंद डेरीवर गेला आणि गाडी भरून दूध घेऊन आला. दुकानदार गुजराती. त्याने मोठ्या आनंदाने विचारलं, "क्या डॉक्टरसाब, घर में शादी?"

बाटल्या रिकाम्या करायच्या म्हणजे आधी दूध संपवायला हवं. अनघाने दूध आटवायला घेतलं. बासुंदी झाली, पेढे झाले, दही लावून श्रीखंड झालं, आणि शेवटी मराठी मंडळाच्या व्हॉट्सॲपवर निरोप गेला, 'कृपया येताना डबा आणावा.' लोक डबे घेऊन आले, दोन-दोनदा आले. कारण कुणी विचारलं नाही.

रेंजवर शिशाची गोळी तिसऱ्या बाटलीत चुरा होऊन पडली. तांब्याची बऱ्याच पुढच्या बाटलीत सापडली, अख्खी, पुढचं टोक चार पाकळ्यांसारखं उमललेलं. मधुराने ती तळहातावर घेऊन मुकुंदच्या नाकासमोर धरली. अनघाने ती मागून घेतली. पेंडंट करायचं म्हणते.

तर तांबं चांगलं की शिसं, हे ठरवण्यासाठी ख्राइस्टचर्चमधल्या समस्त मराठी माणसांची शुगर वाढली आहे!

*

मॅग्नमचा निकाल रॉसने लावला, आणि तोही न बोलता.

रेंजवर मुकुंदचे नेम कुठेही जात होते. एकदा वर, एकदा खाली, एकदा शेजारच्या माणसाच्या कागदावर. मुकुंदच्या मते दोष स्कोपचा होता. मग वाऱ्याचा. मग कागद नीट चिकटवला नव्हता. रॉस 'हम्म' म्हणाला. मुकुंद पाणी प्यायला वळला तेवढ्यात त्याने रायफलीत एक दारू नसलेलं, नुसतं खोटं काडतूस सरकवलं.

मुकुंद बसला, श्वास सोडला, ट्रिगर दाबला. टक्! नुसतं टक् झालं. आवाज नाही, धूर नाही. पण मुकुंद? डोळे गच्च मिटलेले, खांदा मागे, नळी खाली, आणि तोंडातून 'आई गं!'

 मुकुंदने हळूच एक डोळा उघडला.

"वारा होता," तो म्हणाला.

"मॅक," रॉस म्हणाला, मुकुंद त्याच्या तोंडी बसत नाही, "वारा तुझ्या खांद्यातून सुटतोय."

*

मुकुंदने मॅग्नम ठेवून दिली, पण कुरकुर थांबेना. आमच्याकडे जेवायला आला तेव्हा वरणभात कालवता कालवता म्हणाला, "वापितीला थ्री-ओ-एट म्हणजे हत्तीला पॅरासिटामॉल."

मधुरा पोळ्या लाटत होती. ती वळली. "मुकुंद, पाठीत द्यायचं एपिड्युरल तू दंडात देतोस का?"

"काहीतरीच काय!"

"दिलंस तर? डोस दुप्पट करून?"

"उपयोग काय? जागा चुकली की..." तो बोलता बोलता थांबला.

"हं," मधुरा म्हणाली. "जेव आता."

दुसऱ्या दिवसापासून थ्री-ओ-एट. त्याच आठवड्यात पुण्याहून मुकुंदच्या आईंचा फोन आला. मी समोरच बसलो होतो. मुकुंद भाजी चिरत होता, फोन स्पीकरवर. आईंनी विचारलं, काय चाललंय. हा आपल्याच नादात म्हणाला, "काही नाही गं. मोठी गोळी सोडली. लहान घेतो आता."

पलीकडचा टीव्ही बंद झाला. "का रे? मोठीने काय होत होतं?"

"दचकायला व्हायचं. खांदा दुखायचा. कपाळालाही लागलं एकदा."

"अरे देवा! चक्कर आली होती का? आणि ही लहान कधी घ्यायची?"

"पहाटे बरी पडते. रिकाम्या पोटी. हात थरथरत नाही."

"हात थरथरतो तुझा?"

मी खुणा करत होतो, पण त्याचं लक्ष कांद्यात. तो म्हणाला, "आता कमी आहे. मधुरा बनवून देते ना घरीच. वजनात एका ग्रेनचाही फरक पडू देत नाही."

फोन बंद झाला. तासाभरात पुण्यातल्या दोन मावश्या आणि एका हृदयरोगतज्ज्ञ मामेभावाचे फोन येऊन गेले. आईंनी अनघाला वेगळा मेसेज पाठवला होता. 'घरच्या गोळ्यांवर विसंबू नका. चांगला डॉक्टर बघा.'

*

ते 'मधुरा बनवून देते' मात्र खरं होतं. आमच्या गराजमध्ये तिचं एक छोटं टेबल आहे. औषधांसारखीच बारीक तराजूवर दारू तोलते, पुंगळीत भरते, वर गोळी बसवते. याच्यामुळेही एकदा गोंधळ झाला आहे. मंडळाच्या संक्रांतीला मुकुंद खणखणीत आवाजात बोलून गेला, "शिरीष, तुझी बायको गराजमध्ये बसून दारू मोजते ना, तेव्हा तिला कुणी हाक मारायची नाही. हात हलतो!" तिळगूळ वाटणाऱ्या काकूंनी मधुराच्या हातावर एक जास्तीचा लाडू ठेवला आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून गेल्या.

तर थ्री-ओ-एटनेही मुकुंदचं दचकणं पुरतं गेलं नाही. मॅग्नमचा मार अंगात बसला होता. आणि जायचे दिवस जवळ आले होते. एकदा अनघा मधुराला म्हणाली, "झोपेत दचकतो गं. विकू दे ती रायफल, एकदाचं संपू दे." तिच्या आवाजावरून कळत होतं की तिला तसं नको होतं.

त्यानंतर मधुराने मुकुंदला एक डबी दिली. आत काडतुसं, प्रत्येकाच्या बुडाला हिरव्या मार्करचा ठिपका. "यात दारू कमी केली आहे," ती म्हणाली. "धक्का निम्मा. फक्त एक आहे, दीडशे मीटरच्या पलीकडे मारायचं नाही. तेवढीच ताकद आहे यात."

मुकुंदने डबी उलटसुलट करून बघितली. "निम्मा?"

"निम्म्यालाही कमी. अजिबात लागणार नाही."

तो गेल्यावर मी स्वयंपाकघरात विचारलं, "एवढी दारू कमी केलीस तर गोळी नीट उमलेल का?"

"काही कमी केलेलं नाही," मधुरा म्हणाली. "नेहमीचीच काडतुसं आहेत. हिरवा ठिपका दिलाय फक्त."

मी म्हणालो, "अगं, हे बरोबर आहे का?"

"दुकानात असं केलं तर लायसन्स जाईल माझं," ती म्हणाली. मग ओट्यावर हात टेकवले. "पण जवळ जाईल, आणि न दचकता मारेल. दुसरं काही सुचलं नाही रे मला. घाबरलेय मीही."

रेंजवर मुकुंदने हिरवे ठिपके भरले. पहिली फैर झाडली आणि मागे वळला. "काय हलकं आहे गं हे!" तिन्ही गोळ्या एकमेकींना चिकटून लागल्या होत्या. मी आकाशाकडे बघत होतो, कारण खोटं बोलताना माझा चेहरा साथ देत नाही. रॉस, ज्याला यातलं काहीच माहीत नव्हतं, म्हणाला, "स्वीट ॲज."

*

हेलिकॉप्टरने आम्हाला फिओर्डलँडच्या एका दरीत सोडलं, आणि पाऊस सुरू झाला. तिथला पाऊस पडत नाही, राहायलाच येतो. तंबू ओला, बूट ओले, आणि पाऊस थांबला की सँडफ्लाय, म्हणजे चावऱ्या चिलटांची धाड! मधुराने त्यांच्यावर तीन प्रकारची मलमं आणली होती. रॉसच्या मते त्यांना तिन्ही आवडली.

वापितीचा नर वाघासारखी डरकाळी फोडत असेल अशी मुकुंदची कल्पना होती. एका सकाळी आम्ही ओल्या गवतात दबा धरून बसलो होतो. समोरच्या धुक्यातून आवाज आला. बारीक, चढत जाणारी, लांब शिट्टी. मग दुसरी. मग तिसरी.

मुकुंद कानाशी येऊन म्हणाला, "तीन झाल्या. गॅस बंद कर."

मधुराने तोंडात मफलर कोंबला, पण उशीर झाला होता. धुक्यात फांद्या मोडल्याचा आवाज आला आणि आमचा प्रेशर कुकर डोंगरापलीकडे निघून गेला. रॉसने कारण विचारलं. आम्ही त्याला समजावून सांगितलं. तो 'हम्म' म्हणाला.

*

पाऊस उघडला त्या सकाळी नर दिसला. दरडीच्या कडेला उघड्यावर उभा, मानेवर काळी आयाळ, पाठीवरून वाफ निघत होती. रॉसने दुर्बिणीतून बराच वेळ पाहिलं. इथे तरणे नर मारत नाहीत, पुढच्या वंशासाठी राखतात. "म्हातारा आहे," तो कुजबुजला. "उतरणीला लागलाय. हा चालेल. मॅक, इथूनच घे. अडीचशे मीटर असेल, सोपं आहे."

मुकुंदने मान हलवली. "दीडशेच्या आत जायला हवं. दारू कमी आहे."

रॉसला काही कळेना. त्याने माझ्याकडे बघितलं, मी मधुराकडे, मधुराने बुटांकडे. आणि मग आम्ही चौघं पोटावर सरपटत निघालो. चिखल, काटेरी झुडुपं, बर्फासारखं गार पाणी पँटमध्ये. रॉसची ढोपरं कुरकुरत होती. मुकुंद सगळ्यांत पुढे, अजिबात घाई न करता. माझ्या मनात एकच होतं, की हा दचकला तर आपली थाप, आपलं जनावर आणि आपला मित्र, तिन्ही एकदम जाणार.

तो एका खडकाआड थांबला. सॅकवर रायफल टेकवली. श्वास सोडला. नळी हलली नाही.

आवाज दरीत दोनदा फिरून आला. नर दोन पावलं चालला, जणू काही आठवल्यासारखा थांबला, आणि खाली बसला. मग आडवा झाला. परत हलला नाही.

मुकुंद रायफल रॉसकडे देऊन एकटाच पुढे गेला. आम्ही पोचलो तेव्हा तो गुडघे टेकून बसला होता आणि दोन बोटं त्या भल्या थोरल्या मानेवर ठेवली होती, थिएटरात ठेवतो तशी. "गेला," तो म्हणाला. "कळलंसुद्धा नसेल त्याला." मग तो रडला, आणि आम्हीही. रॉस सँडफ्लाय डोळ्यात गेली म्हणाला.

संध्याकाळी तंबूबाहेर शेगडीवर कलेजी परतली, कांदा-लसूण मसाला घालून. सगळे खूश. मुकुंदने खिशातून उरलेली हिरव्या ठिपक्यांची काडतुसं काढून मधुराच्या हातावर ठेवली.

"पुढच्या वर्षी हीच दे मला. दारू अशीच 'कमी' घाल."

मधुराचा उलथणं धरलेला हात तसाच राहिला. "तुला कळलं होतं?"

"डबी दिलीस तेव्हाच. 'अजिबात लागणार नाही' असं सांगून मी रोज माणसांना सुया टोचतो. तो आवाज मी ओळखत नाही होय?"

"मग मेल्या, आम्हाला त्या चिखलातून सरपटत कशाला नेलंस?"

मुकुंदने कढईतला कडेचा तुकडा उचलला, फुंकर घातली आणि तोंडात टाकला.

"अगं, पथ्य पाळल्याशिवाय गोळी लागू पडते का?"